सही माझी, मजकूर कोणाचा?

आपली जुनी पत्रे दाखवा, म्हणजे यापुढची पत्रे हुबेहूब आपल्याच शैलीत लिहून देऊ, असे आश्वासन संगणकातील मदतनीस आता देऊ लागले आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि पुढल्या वर्षभरात ई-मेलच्या मोठ्या सेवांनी पत्राचा मसुदा करून देण्याची सोय आपापल्या पानावर आणून बसवली. आरंभी या मदतनिसाची भाषा नव्या कारकुनासारखी होती. स्वच्छ, नेमकी आणि कोणाचीच नसलेली. आता तो त्याहून एक पायरी वर चढला आहे. गुगलने २०२५ च्या मे महिन्यात जाहीर केलेली सोय तर आपल्या जुन्या ई-मेलांतून आणि टिपणांतून आपला सूर उचलून उत्तरे सुचविण्याचीच आहे. वाक्य कोठे तोडावे, 'असो' कोठे म्हणावे, नमस्कार नुसता करावा की सप्रेम करावा, हे सारे तो आपल्याच लिखाणातून शिकतो. राजारामपुरीच्या गल्ल्यांतून अशा मदतनिसाचा उपयोग करणारे आता विरळा राहिलेले नाहीत. क्लासला जाणारी मुले करतात, दुकानदार करतात आणि माझ्यासारखे सेवानिवृत्तही करतात. सोयीविषयी वाद नाही. वाद आहे तो 'आपल्याच शैलीत' या दोन शब्दांविषयी.

या विषयावर लिहिण्याचा मला थोडासा अधिकार आहे असे मी समजतो. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात एकतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या सहीची पत्रे लिहिली. त्या काळात पाच प्राचार्य झाले. एकाला 'उपरोक्त विषयास अनुसरून' या शब्दांवाचून पत्र सुरू झालेले खपत नसे. दुसऱ्याला तेच शब्द दिसले की तो फाईल परत पाठवी. एकाची वाक्ये लांब, एकाची तुटक. महिना-दोन महिन्यांत ज्याची त्याची लकब हाताला वळण लावी आणि मग मसुदा सहीसाठी सादर केला की त्यावर लाल शाईची रेघ क्वचितच येई. तेव्हा दुसऱ्याच्या शैलीत लिहिणे हे पाप असेल तर ते पोटासाठी मी आयुष्यभर केले आहे. यंत्राने माझा धंदा बुडवला म्हणून मी रागावलो आहे, असेही कोणी समजू नये. माझे निवृत्तिवेतन चालू आहे.

शब्द उसने घेण्यात मराठी माणसाला कधी कमीपणा वाटला नाही. लग्नपत्रिकेतील 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे शब्द कोणी स्वतः रचलेले नसतात आणि त्यावरून यजमानाच्या आपुलकीविषयी कोणी शंका घेत नाही. जुन्या पत्रांतून 'येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे' हा मायना शेकडो हातांनी गिरवलेला आहे. पोस्टाच्या दारात बसून मनिऑर्डरचे फॉर्म आणि खुशालीची कार्डे लिहून देणारा माणूस पुष्कळांनी पाहिलेला असेल. गावाकडच्या आईला मुंबईच्या गिरणीतील मुलाची खबर त्याच्याच अक्षरांत कळत असे. तारखात्याने तर याची कमाल केली होती. दिवाळीच्या, विवाहाच्या, परीक्षेतील यशाच्या शुभेच्छांची वाक्ये क्रमांक घालून छापलेली असत. आपण फॉर्मवर नुसता आकडा लिहायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचे. १४ जुलै २०१३ रोजी तारसेवा बंद झाली तोवर ही सोय कोणाला अप्रामाणिक वाटली नाही. कारण उघड आहे. वाक्य छापील आहे हे पाठविणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. पैसे भरून, रांगेत उभे राहून माझी आठवण कोणी केली एवढाच त्या तारेचा अर्थ होता, आणि तेवढा तो खरा होता.

थोर माणसांनीही लेखनिक बाळगले. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयीची आख्यायिका आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहावयास सांगितले होते. दिवसभराच्या धांदलीत ते लिहून झाले नाही. रात्री पत्राची विचारणा होताच बाळाजींनी कागद उघडला आणि पत्र खडाखडा वाचून दाखवले. महाराज प्रसन्न झाले. पुढे कळले की कागद कोरा होता. ही कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, ती टिकली याचे कारण तिच्यात उत्तम लेखनिकाची व्याख्या आहे: धन्याचे मन त्याला इतके अवगत असावे की कागदाचीही गरज पडू नये. वरवर पाहता आजचा मदतनीस हेच करतो आहे. परंतु कथेतील एक गोष्ट आपण विसरतो. महाराजांनी ते पत्र ऐकले. शब्द चिटणिसाचे, पण ऐकून 'हेच मला म्हणावयाचे होते' असे म्हणणारा राजा समोर बसलेला होता. आणि चिटणिसाला मान होती. मान या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. १६८१ मध्ये संभाजीराजांच्या कारकिर्दीत कटाच्या आरोपावरून बाळाजींना देहान्त शासन झाले. तो आरोप खरा होता की खोटा, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. लेखणी धरणाऱ्या माणसाला तिची किंमत मोजावी लागू शकत होती, एवढेच लक्षात घ्यावयाचे.

त्या काळच्या पत्रव्यवहाराची शिस्तही पाहण्यासारखी आहे. मजकूर संपला की त्याखाली मोर्तबाचा शिक्का बसे, तो अशासाठी की पुढे कोणाला एक अक्षरही घुसडता येऊ नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यामागे हा धाक होता. पेशवाईतील पुष्कळ पत्रांतून सारा मजकूर कारकुनाच्या वळणदार मोडीत आणि अखेरचे दोन-चार शब्द तेवढे खुद्द धन्याच्या हातचे, असे आढळते. त्या दोन-चार शब्दांत बातमी काहीच नसे. पण पत्र घेणारा आधी तेवढेच पाहत असणार, यात मला शंका नाही.

दुसरे उदाहरण आमच्या राजारामपुरीतलेच आहे. शिरोड्याची शाळा सोडून १९३८ मध्ये वि. स. खांडेकर कोल्हापुरास आले. पुढे येथल्या 'नंदादीप'मध्ये त्यांचे वास्तव्य होते. त्यांची दृष्टी अधू होती आणि अखेरच्या वर्षांत तिने पुरतीच साथ सोडली. तेव्हा ते सांगत आणि लेखनिक उतरून घेई. 'ययाति'साठी १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक ज्यांना लाभले त्यांना स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिणे कठीण झाले होते. पण त्या काळातल्या मजकुराखाली खांडेकरांचे नाव आहे ते योग्यच आहे, कारण लेखनिकाने दिले ते डोळे आणि हात. वाक्य खांडेकरांचे होते.

म्हणजे उसनवारीचे प्रकार निरनिराळे आहेत. कोणी आपल्याला हात उसना देतो, कोणी शब्द देतो. यंत्र आता तिसरीच गोष्ट देऊ करीत आहे. ते मला माझाच आवाज उसना देते, म्हणजे मी जेथे नव्हतो तेथे मी होतो असे भासविण्याची सोय करून देते.

हे यंत्र करते काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज ते बांधते. त्यात आपली पत्रे दाखविली की तो अंदाज आपल्या बाजूला झुकतो. यातून कधी गमतीही होतात. २०१५ मध्ये गुगलने ई-मेलला छोटी उत्तरे सुचविणारी सोय काढली. तिच्या पहिल्या नमुन्याला, काहीही विचारले तरी, 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे उत्तर सुचविण्याची खोड होती, हे त्या कंपनीच्या संशोधकांनीच लिहिले आहे. लोक एकमेकांना ते वाक्य वारंवार लिहितात म्हणून यंत्राला ते सर्वांत निर्धोक वाटले! खोड पुढे काढून टाकण्यात आली. पण शब्दांची वारंवारता म्हणजे भावना नव्हे, हा धडा त्या हास्यास्पद चुकीत जितका स्पष्ट होता तितका आजच्या सफाईदार मसुद्यात राहिलेला नाही.

आता न्यायाची बाजू. आमच्या इमारतीच्या सोसायटीचा मी चिटणीस आहे. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी, घरफाळ्याचे अर्ज, लिफ्टवाल्याला स्मरणपत्रे ही कामे पूर्वी माझी सकाळ खात. आता चार मुद्दे सांगितले की मसुदा तयार होतो. तो मी वाचतो, दोन शब्द बदलतो आणि पाठवतो. यात माझ्या शैलीचा प्रश्नच येत नाही. महापालिकेच्या अभियंत्याला माझी शैली नको आहे, जोडणीचा क्रमांक हवा आहे. त्याहून मोठी गोष्ट इंग्रजीची. कागल किंवा गडहिंग्लज तालुक्यातून शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलाला परदेशातील प्राध्यापकाला किंवा पुण्याच्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहावयाचे म्हटले की घाम फुटतो. ज्यांच्या घरात इंग्रजी लिहिणारा काका होता त्यांचे अर्ज नेहमीच नीट लिहिले गेले. ज्यांच्या घरात नव्हता त्यांचे अर्ज टोपलीत गेले. आज प्रत्येकाच्या खिशात तो काका आला असेल तर ज्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या लाभला होता त्यांनी नाक मुरडू नये. विषमतेचा एक काटा त्याने बोथट केला आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

माझी स्वतःची चूक मात्र सोसायटीच्या कामात झाली नाही.

बेळगावला माझा एक जुना स्नेही आहे. आम्ही एकाच खोलीत राहून शिकलो. नोकरीमुळे गावे वेगळी झाली, पण पत्रे चालू राहिली. पुढे त्यांची ई-मेल झाली इतकेच. गेल्या फेब्रुवारीत त्याची पत्नी वारली. वहिनी गेल्याचे कळले त्या दिवशी मी दवाखान्याच्या फेऱ्यांत होतो, दुसऱ्या दिवशी पाहुणे होते, आणि खरे सांगायचे तर काय लिहावे ते सुचत नव्हते. भाच्याने माझ्या संगणकात मदतनीस बसवून दिला होता आणि माझी चाळीसएक जुनी पत्रे त्याला दाखवून ठेवली होती. मी त्याला दोन ओळींत प्रसंग सांगितला आणि माझ्या पद्धतीने सांत्वनाचे पत्र लिहावयास सांगितले.

पत्र आले ते वाचून मी थक्क झालो. वाक्ये माझी होती. माझा 'असो' होता. पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आले हे पत्राच्या आरंभी लिहिण्याची माझी जुनी सवय आहे. एकोणचाळीस फुटांना इशारा आणि त्रेचाळीसला धोका, हे बेळगावात बसून माझा मित्रही शिकला आहे. यंत्राने ती सवयही उचलली आणि भर फेब्रुवारीत बंधाऱ्यावरील पाणी चढवले! ते वाक्य मी हसून काढून टाकले. एक चूक सापडली की बाकीचे बरोबर आहे असा विश्वास वाटू लागतो. हिशेब तपासणाऱ्या प्रत्येक कारकुनाला हा धोका ठाऊक असतो आणि तरीही मी फसलो. पत्रात पुढे लिहिले होते की, तुमच्याकडे मुक्कामाला होतो तेव्हा वहिनींनी पहाटे उठून माझ्यासाठी थालीपीठ लावले होते, ते मी अद्याप विसरलेलो नाही. वाचताना मला ते खरेच वाटले. कुठल्यातरी जुन्या पत्रात दुसऱ्याच एका घरच्या थालीपिठाचा उल्लेख मी केला होता, तो यंत्राने उचलून येथे बसवला होता. पत्र रवाना झाले.

दोन दिवसांनी उत्तर आले. "अरे, इतकी पत्रे आली, पण तुझे वाचून मात्र रडू आले. ते थालीपीठ मला आठवत नव्हते. तू लिहिलेस आणि ती पहाटे स्वयंपाकघरात उभी असलेली मला दिसली."

हे उत्तर वाचून मी जुनी पत्रे काढली तेव्हा काय झाले ते माझ्या ध्यानात आले. वहिनींच्या हातचे मी पुष्कळ खाल्ले. थालीपीठ कधी खाल्ल्याचे मला स्मरत नाही. एका विधुराच्या आठवणींत मी एक खोटी आठवण नेऊन ठेवली, तीही अशा वेळी की जेव्हा माणूस मिळेल ती आठवण उराशी धरतो. आणि त्याने ती का स्वीकारली? वाक्य माझ्या धाटणीचे होते म्हणून. तेच वाक्य कोरड्या छापील भाषेत असते तर त्याला शंका आली असती. शैलीवर त्याचा पन्नास वर्षांचा विश्वास होता. तो विश्वास मी यंत्राच्या स्वाधीन केला.

अशा चुका मोठमोठ्या संस्थांच्याही हातून झाल्या आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन विद्यार्थी दगावले. त्यावर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एका विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारे पत्र पाठवले आणि त्याखाली, हा मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे केला आहे, अशी बारीक अक्षरांत कबुली दिली. विद्यार्थी संतापले आणि विभागाला माफी मागावी लागली. कबुली देण्याइतका तो विभाग प्रामाणिक होता हे विशेष. माझ्या पत्राखाली तेवढेही नव्हते. पुढल्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी गुगलने एक जाहिरात दाखवली. तिच्यात एक बाप आपल्या लहान मुलीच्या वतीने तिच्या आवडत्या धावपटूला यंत्राकडून पत्र लिहवून घेतो. लोकांनी इतकी टीका केली की जाहिरात मागे घ्यावी लागली. त्या मुलीच्या वेड्यावाकड्या चार ओळींत चुका असत्या, पण त्या चुकांसाठीच तर ते पत्र कोणी जपून ठेवले असते.

येथे कोणी मला उलट विचारील की, प्राचार्यांच्या सहीची सांत्वनपत्रे तुम्हीच लिहीत होता ना? लिहीत होतो. सेवेत असताना वारलेल्या शिपायाच्या घरी, शिक्षकाच्या घरी जाणारी पत्रे माझ्याच हातची असत, आणि त्यांतली काही त्या घरांतून चौकट करून लावलेली मी पाहिली आहेत. परंतु मी ज्या प्राचार्यांचा सर्वांत अधिक आदर केला ते टंकलिखित मजकुराखाली आपल्या पेनने एक ओळ लिहीत. 'त्यांनी १९८३ च्या स्नेहसंमेलनाचा सगळा हिशेब एका रात्रीत पुरा केला होता', अशी काहीतरी. ती ओळ मला लिहिता आली नसती, कारण ती त्यांना ठाऊक होती. त्यासाठी ते फाईल दोन दिवस ठेवून घेत आणि मी कुरकुरत असे. दुसरे एक प्राचार्य न वाचताच सही करीत. पत्रे दोघांचीही तशी माझीच. पण शिपायाच्या विधवेला फरक कळत असे, आणि तिला तो कोणी समजावून सांगितलेला नव्हता.

या शैलीच्या सोयीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे व तिचा विचार फारसा होत नाही. माझी लकब शिकण्यासाठी माझी जुनी पत्रे यंत्राला द्यावी लागतात. पण पत्र एकट्याचे कधी नसते. माझ्या उत्तरात मित्राने कळवलेला मुलीच्या सासरचा त्रास असतो, बहिणीचे आजारपण असते, कोणाची पैशाची अडचण असते. त्यांनी ते मला विश्वासाने लिहिले होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीने घरगुती कामासाठी केलेला माहितीचा वापर आपल्या कक्षेतून वगळला आहे, तेव्हा माझ्यावर खटला व्हावयाचा नाही. पण बेळगावच्या मित्राची पत्रे मी त्याला न विचारता परक्याला वाचावयास दिली, हे खरेच आहे.

आणि ही शैली तरी खरोखर आपली राहते काय? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारत आणि अमेरिका येथील ११८ जणांना त्यांनी सण, आवडता पदार्थ अशा विषयांवर इंग्रजीत लिहावयास सांगितले. काहींना यंत्राच्या सूचना मिळत, काहींना नाही. आवडता पदार्थ म्हणून यंत्र पिझ्झा सुचवी आणि सण म्हणून नाताळ. सूचना घेणाऱ्या भारतीयांचे लिखाण हळूहळू अमेरिकी वळणावर गेले. मराठीत तर गंमत आणखी पुढची आहे. 'हा ई-मेल आपणास उत्तम स्थितीत सापडेल अशी मला आशा आहे', असे वाक्य मला एका सुशिक्षित तरुणाच्या पत्रात वाचावयास मिळाले. सापडायला मी काय हरवलो होतो? आमच्या शेजारच्या आजी कोल्हापुरी पद्धतीने 'मी आलो, मी जेवलो' असे म्हणतात. नातवाने त्यांचे बोलणे यंत्राला सांगून पुण्याच्या लेकीला पत्र लिहवले, तर त्यात 'मी आले, मी जेवले' असे झाले. लेकीने फोन करून विचारले की, आई बरी आहे ना? ज्याला आपण लकब म्हणतो ती यंत्राला चूक वाटते. ते उचलते ती वरवरची सवय, माझ्या 'असो'सारखी. आणि सुधारून टाकते ती नेमकी ओळख.

शिक्षकबंधूंना येथे एक विचारावेसे वाटते. शिफारसपत्र मागायला येणाऱ्या विद्यार्थ्याला, तूच लिहून आण, मी सही करतो, असे सांगण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आता विद्यार्थी सरांची दोन जुनी पत्रे मिळवून त्यांच्याच शैलीत स्वतःची स्तुती करून आणू शकतो. पत्र झकास असते. पण शिफारसपत्राला किंमत येते ती सरांनी त्या मुलाविषयी दहा मिनिटे विचार केला या समजुतीमुळे, आणि ती समजूत खोटी ठरू लागली की शेवटी ज्या मुलाविषयी सरांनी खरोखर विचार केला त्याच्याही पत्राला कोणी विचारणार नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत औपचारिक पत्राबरोबर ई-मेलचा पत्ता लिहावयास आपण शिकवतो, ते योग्य आहे. औपचारिक पत्र उद्या यंत्राने लिहिले तरी बिघडणार नाही. मला चिंता आहे ती अनौपचारिक पत्राची. गुणांसाठी का होईना, आजीला काय लिहावे याचा विचार वर्गातील प्रत्येक मुलाला करावा लागतो. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ती पहिली आणि शेवटचीच वेळ असते.

मी आता एवढे ठरवले आहे. सोसायटीची, बँकेची, विम्याची पत्रे मदतनीसच करील, आणि ती त्याच्या स्वतःच्या बिनचेहऱ्याच्या भाषेत करील. माझी भाषा मी त्याच्याकडून काढून घेतली आहे. भाच्याला बोलावून ती चाळीस पत्रेही पुसून टाकावयास सांगितली. घरच्या माणसांना आणि स्नेह्यांना दोन ओळी लिहीन, चार दिवस उशिरा लिहीन, प्रसंगी लिहिणारही नाही. तरुणांना हे जमेलच असे नाही. दिवसाला पन्नास ई-मेलांना उत्तरे देणाऱ्या कारकुनाची अडचण मी जाणतो आणि त्याला माझा नियम लावू इच्छीत नाही. त्याने निदान कोणत्या पत्राखाली आपल्या हातची ओळ हवी, एवढे तरी निवडावे.

राहिला बेळगावचा प्रश्न. ई-मेलने कबुली देण्याचे धाडस झाले नाही, म्हणून मे महिन्यात एसटीने बेळगावला गेलो. दुपारी जेवण झाल्यावर सगळे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे ते थालीपीठ नव्हतेच." मी नाही म्हणालो. "मग तुला तिचे खरे काय आठवते ते सांग," असे तो म्हणाला. आम्ही दिवे लागेपर्यंत बसलो होतो. मला वाटले होते त्याहून पुष्कळ आठवत होते.